त्या दुपारी पाण्यात कोण उतरलं?

मी सुप्याच्या एका कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्शनला आहे. दिवसभर हातात मायक्रोमीटर. जे मोजता येत नाही ते मी मानत नाही. अंगात येणं, बाहेरची बाधा वगैरे ऐकलं की मी कायम हसत आलो. म्हणूनच हे लिहायला इतके दिवस लागले...

जानेवारीतला रविवार होता. मी, बायको सुनंदा, माझी रंजनाताई आणि दाजी अशी चौघं डबा घेऊन मुळा धरणाच्या बॅकवॉटरला गेलो होतो, पारनेरच्या बाजूने. दुपारचा दीड, लख्ख ऊन. पलीकडचा काठ धूसर दिसावा एवढं पाणी.

सुनंदाचं माहेर पाथर्डीकडचं. लहानपण सगळं टँकरच्या पाण्यावर गेलेलं. पोहणं सोडा, घोट्याच्या वर पाणी आलं की ती ओरडते. त्या दिवशीही चटई लांबच अंथरली. "तुमी जा, मी इथनंच बघते."

जेवण झालं. मी पेरू आणायला चढावरच्या गाडीकडे गेलो आणि दाजी हात धुवायला काठावर. डिकी उघडतोय तोच ताईची किंकाळी ऐकू आली. वळून बघतो तर काठावर दाजी नाहीत! ओल्या काळ्या मातीवरून पाय सटकला होता, आणि तिथून पुढे एकदम खोल. बऱ्याच आत पाण्याबाहेर फक्त एक हात दिसत होता.

मी धावत सुटलो. विहिरीपुरतं पोहता येतं मला, पण मी होतो दीडशे पावलं लांब. तेवढ्यात ताईच्या शेजारून पळत सुनंदा सरळ पाण्यात शिरली.

"सुनंदा, थांब!" मी जिवाच्या आकांताने ओरडलो. दोघंही गेली, असंच वाटलं मला.

पण ती पोहत होती. धडपडत नाही — साडीनिशी, लांब, संथ हात टाकत, पाण्याचा आवाजही न करता. दाजींच्या मागच्या बाजूने गेली, हनुवटीखाली हात घालून त्यांना उताणं केलं आणि ओढत काठाकडे निघाली. माझे पाय जागीच थांबले. खरंच थांबले, आणि त्याची आजही लाज वाटते.

जवळच जाळं नीट करत बसलेले एक म्हातारे बाबा धावून आले. त्यांनी दाजींना कुशीवर वळवून पाठ चोळली. दाजी खोकले, पाणी ओकले, श्वास सुरू झाला. ताई हमसून रडत होती.

बाबा माझ्याकडे वळले. "बाई कुठल्या वं? असं पानी कापायला लई वर्सं लागत्यात."

"पाथर्डीच्या."

"तिकडं पवायला पानी कुठं हाय?"

मी सुनंदाकडे वळलो.

ती बाजूला बसून पदर पिळत होती. मी जवळ गेलो तर गोंधळून म्हणाली, "अहो... माझी साडी कशानं भिजली?"

आधी वाटलं, थट्टा करतेय. पण तिचा चेहरा थट्टेचा नव्हता. ताईची किंकाळी तिला आठवत होती. त्यापुढचं काहीच नाही.

परतताना दवाखान्यात दाजींना तपासून घेतलं. बाहेर बाकावर बसल्यावर ते हळूच म्हणाले, "पाण्यात ती कानाशी बोलत होती. 'पाय मारू नको, पाठीवर पड.' आवाज सुनंदाचाच... पण मला 'भाऊजी' नाही म्हणाली. 'बाळा' म्हणाली."

दाजी बावन्न वर्षांचे आहेत.

नंतर एका डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, भीतीने माणसात अचानक ताकद येते, आणि धक्क्याने मधलं विसरायलाही होतं. मान्य! पण पोहण्याची सवय एका क्षणात कुठून येते? शेवटी मी तिला नगरच्या स्विमिंग पूलवर नेलं. कमरेएवढ्या पाण्यात ती रेलिंगला चिकटून थरथरत उभी. माझा हात सुटला तशी सरळ खाली गेली. वर काढली तेव्हा रडत म्हणाली, "परत असलं काही करायला लावू नका." त्यानंतर मी तो विषय काढलेला नाही.

दाजी वयाने मोठे, तरी हल्ली घरी आले की आधी सुनंदाच्या पाया पडतात. ती संकोचून मागे सरते. "अहो भाऊजी, मी काहीच केलं नाही!"

दोन्ही डोळ्यांनी मी तिला पोहताना बघितलंय. आणि तरी सांगतो, ती खोटं बोलत नाही.