म्हशीचा रकाना

मी कॅनडाला निघाले तेव्हा सोमाटणे फाट्यावर निरोप द्यायला आमचं अर्धं परंदवडी गाव जमलं होतं. फक्त आई नव्हती. तिने गोठ्याच्या दारातूनच, हातात चरवी धरून सांगितलं होतं, "जा गं आता, धारंची येळ झाली." आमची म्हैस आईशिवाय कोणाच्या हाताला पान्हवत नसे. मुलीपेक्षा म्हैस मोठी, हा राग मी बरोबर नेला. विमानात त्याचं वजन कोणी केलं नाही.

तिथे मी आरोग्याचं अर्थशास्त्र शिकले, मग शिकवू लागले. उपचार फुकट असूनही माणसं दवाखान्यात का जात नाहीत, हा माझा विषय. आमच्या विभागात तेव्हा त्यावर काम करणारी मी एकटीच, त्यामुळे लवकरच जाणकार ठरले. माझ्या प्रश्नावलीत अंतर, भाडं, बुडालेली मजुरी, सगळ्याला रकाने होते.

अशात आईला एका डोळ्याने कमी दिसायला लागलं. लोणावळ्याच्या शिबिरात काचबिंदू निघाला. ऑपरेशन फुकट, पण तीन दिवस राहायचं. फोनवर ती म्हणाली, "जाईन गं, पर म्हशीची धार कोन काढंल?" मी तिला अडाणी म्हटलं आणि वर्गावर गेले. म्हैस भाकड झाल्यावर आई ऑपरेशनला गेली, तोवर तो डोळा गेला होता. त्याची लाज मला अजून वाटते.

त्यानंतर मी प्रश्नावलीत एक प्रश्न वाढवला: तुम्ही दवाखान्यात राहिलात तर घरी कोणाचं अडतं? उत्तरांत तान्ही मुलं निघाली, अंथरुणाला खिळलेले सासरे निघाले, गुरंढोरं तर निघालीच. माझं नाव झालं ते या एका प्रश्नावर. कॅनडातली काही रुग्णालयं आता रुग्णाला भरती करताना तो विचारतात.

गेल्या वर्षी माझंच ऑपरेशन ठरलं. नर्सने कागद पुढे केला, त्यात माझाच प्रश्न. लग्न केलं नाही, कुंडीतली झाडंसुद्धा प्लास्टिकची. मी लिहिलं, कोणाचंच नाही. संध्याकाळी फोनवर आईला हे गंमत म्हणून सांगितलं. म्हैस आता नाही, आमच्या गोठ्यात कंपनीतल्या भाडेकरू पोरांच्या मोटारसायकली लागतात. आई म्हणाली:

"न्हाई कसं? माजं अडतंय की. नाव टाक माजं."

सकाळी आत नेण्याआधी मी तो कागद परत मागितला. आधीचं खोडलं आणि लिहिलं: आई, परंदवडी. घर कुठे, असं कोणी विचारलं तर आता हेच सांगते.