व्हर्लन टिडमोर हात का वर करत नाही

अलाबामाच्या आमच्या कोपऱ्यात समोरून बोट आली की माणूस हात वर करतो. ओळख असो वा नसो. ज्याच्याशी कुंपणावरून कोर्टात भांडण चालू आहे त्यालाही करतो, मग मान फिरवतो. व्हर्लन टिडमोरने मार्चपासून हात वर करणं बंद केलं, आणि तिथूनच माझ्या मनात पाल चुकचुकली.

मी होलिस क्रेनशॉ. आमच्या कॉपर क्रीक बास क्लबात वजनकाटा माझ्याकडे असतो. महिन्यातून एका शनिवारी आम्ही वीसेक माणसं पहाटे धक्क्यावर जमतो, दोघादोघांच्या जोड्या करून तलावात जातो, तीन वाजता पकडलेले बास मासे जिवंत घेऊन परत येतो. मी ते तोलतो आणि धक्क्यावरूनच पुन्हा पाण्यात सोडतो. ज्याचा मासा सगळ्यांत मोठा, त्याला लोखंडी तवा मिळतो. जुना, जड, व्हर्लनच्याच आईचा. तो महिनाभर घरी मिरवायचा आणि पुढच्या वेळी त्यात मक्याची भाकरी भाजून सगळ्यांना आणायची. एवढंच बक्षीस. पण त्या तव्यासाठी आमच्यातली शहाणी माणसं चार-चार दिवस झोपत नाहीत. जिंकणाऱ्याला पुढच्या शनिवारपर्यंत गावातला प्रत्येक जण काहीतरी टोमणा मारतो, आणि तोच टोमणा ऐकायला तो मुद्दाम दोनदा पेट्रोल भरायला जातो.

क्लब काढला व्हर्लननेच, सत्तावीस वर्षांपूर्वी. सूतगिरणीत यंत्रं दुरुस्त करायचा. बायको अर्लीन गेली त्याला सहा वर्षं झाली, मुलगी अटलांटाला. उरला तलाव आणि आम्ही. नियमांची वहीही त्याच्याच अक्षरात आहे. एकदा क्लबातल्या एका म्हाताऱ्याने धुक्यात नसलेल्या माणसाला चुकवायला जाऊन असलेल्या खुंटावर बोट घातली, तेव्हा व्हर्लनने नवा नियम लिहिला: ज्याची नजर धड नाही त्याने सुकाणू धरायचं नाही. म्हातारा रडला, तरी व्हर्लनने त्याच्याकडून चावी घेतली. असा करडा माणूस.

आणि हाच माणूस एप्रिलमध्ये तवा घेऊन गेला. मेमध्ये पुन्हा. तेही कसं? दिवसभर तलावात तो कोणालाच दिसला नव्हता. आमच्या बोटी पहाटे सुटतात त्या गोळीसारख्या. कोणी वीस मैल वर जातो, कोणी धरणापर्यंत. एकाही माणसाला व्हर्लनची हिरवी बोट कुठे भेटली नाही. शिवाय जोडीदार नको म्हणायचा. बोट जुनी आहे, दुसऱ्याचे हाल होतात, मी एकटाच बरा. बोलताना डोळ्याला डोळा देईना. नजर आपल्या कानाच्या बाजूला कुठेतरी. मेमध्ये आणलेली भाकरी एका अंगाने कोळसा झालेली. क्लबाचा अध्यक्ष डेल्मर हेगूड म्हणाला, आपल्याला तुच्छ लेखतो म्हणून मुद्दाम करपवतो. मला ते पटलं. त्या दिवसांत मला काहीही पटत होतं.

व्हर्लनचं घर धक्क्याच्या शेजारच्या वळणावर, त्याची बोट घरामागे पाण्यावर ठोकलेल्या त्याच्या फळकुटांपाशी बांधलेली. आम्ही मासे सोडायचे धक्क्यावर, दमलेले मासे तिथेच घुटमळणार. संध्याकाळी जाळीने धरावेत, पाण्याखाली पिंजऱ्यात ठेवावेत, पुढच्या महिन्यात तोलायला आणावेत. कुठेतरी पाणी मुरत होतं ते इथेच, अशी माझी खात्री झाली. म्हणून मे महिन्यात डेल्मरची सहा पौंडांची मादी सोडण्याआधी मी कागदाला भोक पाडायच्या यंत्राने तिच्या शेपटीच्या कडेला एक खाच पाडली. कोणाला सांगितलं नाही.

जूनमध्ये व्हर्लनच्या बोटीतल्या पाण्याच्या टाकीतून तीच मादी निघाली. शेपटीला माझी खाच. मी वजन लिहिलं आणि तिला पुन्हा पाण्यात सोडलं. मला त्याला रंगेहाथ पकडायचं होतं. डेल्मरला तेवढं सांगितलं. पुढच्या रविवारी चर्चच्या वेळी आम्ही दोघं व्हर्लनच्या फळकुटांखाली वल्ह्याने ढोसत बसलो. एक गंजलेली खुर्ची आणि माशांना आसरा म्हणून बुडवलेलं नाताळचं झाड मिळालं. पिंजरा नाही. म्हणजे माणूस पक्का, असं डेल्मर म्हणाला. मग ठरलं की जुलैला मीच त्याचा जोडीदार व्हायचं. जोड्यांच्या चिठ्ठ्या कॉफीच्या डब्यातून काढतात. डेल्मरने माझी चिठ्ठी तळहातात लपवली आणि व्हर्लनच्या नावानंतर ती ‘काढली’. एका लबाडाला पकडायला दोघांनी लबाडी केली, आणि मला त्याचं काही वाटलं नाही, हेही सांगून टाकतो.

व्हर्लनचा चेहरा पडला. “होलिस, माझ्या बोटीत तुला गैरसोय होईल,” तो म्हणाला. मी म्हटलं, मला सवय आहे.

झुंजूमुंजू झालं. बोटी सुटल्या, पाणी घुसळून निघालं. आमची बोट सगळ्यांच्या मागून, चालत्या माणसाच्या वेगाने निघाली, टोकाला वळसा घालून वाळुंजाच्या झाडांमागे गेली आणि थांबली. धक्क्यापासून तीनशे पावलं. व्हर्लनने इंजिन बंद केलं आणि पुढची विजेची छोटी मोटर पाण्यात सोडली. मी पाण्यात दोरी शोधत होतो, पिंजऱ्याची. त्याने रबरी गांडूळ हुकाला लावलं, बोटांनी चाचपत, आणि गळ टाकला. दहाव्या मिनिटाला मासा.

“सगळे इथून पळतात,” तो म्हणाला. “सत्तावीस वर्षं आपण मासे या धक्क्यावर सोडतो आणि शोधायला वीस मैल जातो. ते बिचारे इथेच असतात. जातील कुठे?”

इतकं साधं होतं ते. आम्ही एवढे शिकारी, आणि एकालाही पाठीमागे बघायचं सुचलं नव्हतं.

तेवढ्यात एक कुटुंब लहान होडीतून अगदी जवळून गेलं, वीस हातांवरून. बापाने हात वर केला, मुलांनी केले. मी केला. व्हर्लन त्यांच्याकडे तोंड करून उभा होता आणि त्याचा हात हलला नाही. होडीचं वल्हं फळीला लागून खडखडलं तेव्हा तो दचकला. मी हळूच रबरी गांडुळाची पिशवी त्याच्यासमोर धरली, अगदी नाकासमोर. त्याने मान तिरकी केली, माझ्या कानाच्या बाजूला बघितलं आणि मग पिशवी घेतली.

“किती दिवस झाले?” मी विचारलं.

त्याने गळ पुन्हा टाकला. नजरेचा मधला भाग गेला, म्हणाला, कडेचं तेवढं दिसतं. माणसाकडे बघितलं की माणूस पुसला जातो. डॉक्टर म्हणतात, परत येणार नाही. मग पाण्यात जोराचा झटका बसला, त्याने मासा वर घेतला, आणि अंगठा शेपटीच्या कडेवरून फिरवला.

“ही बघ. हिची शेपटी कोणीतरी कुरतडलीय. दुसऱ्यांदा येतेय माझ्याकडे.”

मी सांगितलं, खाच मी पाडली. त्याने मान डोलावली. “मला वाटलंच. त्या रविवारी मी चर्चला गेलो नव्हतो, होलिस. पडवीत बसलो होतो. तुम्ही दिसला नाहीत, पण डेल्मरचं हसणं अर्ध्या जिल्ह्याला ऐकू येतं.”

“मग ओरडला का नाहीस? आम्ही तुला चोर समजतोय.”

“समजा की. चोराची बोट कोणी काढून घेत नाही.” त्याने मादी सांभाळून टाकीत सोडली. “नियम माझा आहे. मी तो मोडतोय, तेही मला कळतं. विजेच्या मोटरवर, तीनशे पावलांत. सप्टेंबरला मोसम संपतो. तेव्हा मी आपणहून चावी देईन. तोवर तू काही पाहिलं नाहीस. एवढं करशील?”

मी मान हलवली. ती त्याला दिसली नसणार, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

तीन वाजता काट्याभोवती सगळे उभे. व्हर्लनची मादी सहा पौंड चार औंस भरली. डेल्मरने तिची शेपटी उचलून सगळ्यांना खाच दाखवली, सगळी कहाणी सांगितली, आणि माझ्याकडे वळला. पिंजरा कुठे होता, सांग, म्हणाला. मी म्हटलं, पिंजरा नव्हता. मग तूही त्याला सामील, तो म्हणाला. मी वजनं वहीत लिहीत राहिलो. मग तो व्हर्लनला म्हणाला की अर्लीन जिवंत असती तर तिला आज तोंड लपवावं लागलं असतं.

माझं डोकं फिरलं. माझा स्वभावच असा. संशय घेतानाही मला धीर नसतो आणि बाजू घेतानाही नसतो. “अरे, त्याला दिसत नाही!” मी ओरडलो. “अर्धा आंधळा झालाय तो. धक्क्यामागेच मासे धरतो, कारण पुढे जाता येत नाही. चोर नाही तो. तुमच्या सगळ्यांपेक्षा हुशार आहे.”

डेल्मरचा चेहरा उतरला, टोपी हातात आली. कोणीतरी व्हर्लनच्या खांद्यावर हात ठेवला. मला वाटलं, मी त्याची अब्रू वाचवली. मला तर बरंही वाटत होतं.

व्हर्लनने खिशातून बोटीची चावी काढली आणि काट्यावर, माशाच्या शेजारी ठेवली. नियमच होता. मग तो माझ्याकडे, म्हणजे माझ्या कानाकडे बघून हलकेच म्हणाला, “चोर होतो तोवर बोट होती रे.”

तवा त्यालाच मिळाला. तो त्याने नेला नाही.

ऑगस्टला मी त्याला माझ्या बोटीत घ्यायला गेलो. तब्येत बरी नाही म्हणाला. सप्टेंबरलाही. डेल्मर दर रविवारी त्याच्याकडे जेवण घेऊन जातो, दोघं हसतात म्हणे. व्हर्लन हल्ली फळकुटांवर खुर्ची टाकून बसतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बोटींना हात वर करतो. दिसत नाही, पण प्रत्येकाचं इंजिन तो आवाजावरून ओळखतो. आता लपवायचं काही राहिलं नाही, त्यामुळे हात चुकीच्या दिशेला गेला तरी चालतं. डेल्मरला करतो, टपालवाल्याला करतो, अनोळखी पोरांना करतो.

माझ्या बोटीचं इंजिन एकोणीस वर्षं जुनं आहे आणि घशात काहीतरी अडकल्यासारखं वाजतं. त्याच्यासमोरून जाताना मी मुद्दाम सावकाश जातो आणि हात वर धरून ठेवतो. तो ऐकतो. त्याचा हात मांडीवर असतो, तिथेच राहतो.