अठरा तास बाकी

चष्मेवालीला घाबरायला कारण लागत नसे. टपालवाल्याने दार वाजवलं तरी तिच्या पोटात गोळा यायचा. नवरा म्हणायचा, "हिला बक्षीस लागल्याचं पत्र आलं ना, तरी आधी ही रडून घेईल आणि मग पाकीट फोडेल." अशी ही बाई चव्वेचाळिसाव्या वर्षी दुसऱ्यांच्या मनातली भीती काढायला निघाली होती, म्हणून घरात हसायला विषय झाला होता. पण त्यात हसण्यासारखं फारसं काही नाही. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

तिने सतरा वर्षं चष्म्याच्या दुकानात डोळे तपासले. म्हणून शिकायला गेली तिथेही तिला सगळे चष्मेवालीच म्हणू लागले. दुकानामागच्या काळोख्या खोलीत माणसं हनुवटी टेकवून बसत, ही काचा बदलत विचारी, "हे स्पष्ट दिसतं, की हे?" आणि काळोखात माणसं अक्षरं सोडून भलतंच बोलू लागत. एकदा एक बाई गडद काचा मागायला आली. उन्हासाठी नाही. "घरात दिवसभर घालता येतील ना?" एवढंच तिने विचारलं, आणि तिचे सुजलेले डोळे चष्मेवालीने पाहिले. तिने फ्रेम दिली, पावती दिली, डबी दिली. बोलायला मात्र एक शब्द सापडला नाही. त्याच आठवड्यात तिने कॉलेजचा अर्ज आणला.

तिला बिचारीला वाटलं होतं, पदवी घेतली की पाटी लावता येते. कसलं काय! पदवीची तीन वर्षं झाली, त्यापुढची दोन झाली, प्रबंध झाला, तेव्हा कळलं की हा नुसता उंबरठा आहे. आता नोंदणी असलेल्या मानसशास्त्रज्ञाच्या हाताखाली पंधराशे तास काम करायचं. प्रत्येक तास वहीत लिहायचा, दर आठवड्याला त्यावर मार्गदर्शकाची सही घ्यायची. मग नोंदणी मंडळाची लेखी परीक्षा, मग तोंडी, आणि मग कुठे नावापुढे नोंदणी क्रमांक. तोवर स्वतःला मानसशास्त्रज्ञ म्हणवून घेतलं तर गुन्हा. शिवाय हे तास शेवटच्या पदवीपासून तीन वर्षांच्या आत पुरे झाले पाहिजेत. नाहीतर वही बाद, पुन्हा श्रीगणेशा. लेक म्हणाली, "आई, विमान चालवायलाही एवढं लागत नसेल गं." ही म्हणाली, "विमानात निदान दोघं तरी असतात." आणि तिला खरंच धडकी भरली.

तिच्या मार्गदर्शक बाई एकाहत्तर वर्षांच्या. अडतीस वर्षं हेच काम. एका दवाखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर त्यांची खोली होती: दोन खुर्च्या, येणाऱ्याला दिसू नये असं त्याच्या पाठीमागे लावलेलं घड्याळ, आणि चाचण्यांच्या कागदांचं एक लोखंडी कपाट. बाई तिच्या नोंदी तांबड्या पेन्सिलीने वाचत. "हे तो म्हणाला, की तुला ऐकायचं होतं?" असं विचारलं की चष्मेवालीला दरदरून घाम फुटे. पण तिला जे काही येत होतं ते त्या तांबड्या पेन्सिलीनेच आलं होतं. दर शुक्रवारी वहीवर सही करताना बाई विचारत, "किती तास राहिले गं?" पहिल्यांदा विचारलं तेव्हा उत्तर होतं चौदाशे ब्याण्णव. आणि बाई म्हणाल्या होत्या, "होतील."

बाईंचं काहीतरी बिनसलंय हे तिच्या लक्षात यायला वेळ लागला, कारण आपल्यापेक्षा शहाण्या माणसाची चूक आधी आपलीच वाटते. एकच प्रश्न दोनदा आला, तेव्हा तिला वाटलं, आपलं उत्तर कच्चं असेल. एका माणसाची हकीकत बाईंनी दुसऱ्याच्या नावावर खपवली, तेव्हा वाटलं, आपल्या नोंदी गिचमिड असतील. मग चौदा नंबरची गोष्ट झाली.

वहीत नाव लिहायचं नसतं, नंबर लिहायचा. चौदा नंबर एका सोमवारी जाता जाता दारात म्हणाला, "पुढच्या खेपेला मी येईनच असं नाही, ताई. कुठेच नसेन बहुतेक." तिने त्याला परत बसवलं, बाईंना बोलावलं. बाईंनी शांतपणे सगळं ऐकलं, त्याच्याशी अर्धा तास बोलल्या आणि म्हणाल्या, "याच्या बहिणीला मी आत्ताच फोन करते, तू याला खाली सोडून ये." चष्मेवालीचा जीव भांड्यात पडला. दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, "बहीण काय म्हणाली?" बाईंनी वर पाहिलं. "कुणाची बहीण?"

ती धावत खाली गेली, नंबर शोधला, फोन लावला. बहीण योगायोगाने त्याच्याच घरी निघाली होती, वाटेत वाण्याकडे थांबली होती, एवढ्यावर निभावलं. चौदा नंबर आजही येतो. पण त्या मंगळवारपासून चष्मेवाली धड जेवली नाही. हे मंडळाला कळवलं तर बाईंची नोंदणी तपासली जाणार, आणि मार्गदर्शकच ठीक नसेल तर त्या काळातले हिचे तास बाद. नाही कळवलं, तर पुढचा चौदा नंबर कुणाच्या भरवशावर? इकडे आड, तिकडे विहीर. ती रोज ठरवी, उद्या बोलू. असे दहा आठवडे गेले. वहीत एकशे नव्वद तासांची भर पडली. त्यावर सह्या झाल्या. आता फक्त अठरा तास उरले होते, आणि मुदतीलाही बरोबर दहा आठवडे होते. अठरा तास म्हणजे एक आठवडा. आपल्या गप्प बसण्याची तिला लाज वाटायची, पण लाजेपेक्षा भीती मोठी होती हे कबूल करायला हवं.

त्या शुक्रवारी बाई म्हणाल्या, "स्मरणशक्तीची चाचणी घेण्याचं तुझं एक प्रात्यक्षिक राहिलंय. आज कुणी आलेलं नाही. माझी घे."

"तुमची, बाई?"

"का? मी माणूस नाही?"

चष्मेवाली उठली. कपाटात ती नेहमीची अ प्रत शोधू लागली, पण ती सापडेना. होती ती ब प्रत. दोन्ही प्रती सारख्याच, फक्त लक्षात ठेवायचे पाच शब्द वेगळे. तीच घेऊन ती बसली आणि शाळेतल्या पोरीसारख्या आवाजात म्हणाली, "मी पाच शब्द सांगते, ते लक्षात ठेवा. पूल, साबण, चादर, वीट, बदक."

"पूल, साबण, चादर, वीट, बदक," बाई म्हणाल्या.

शंभरातून सात सात वजा करायला सांगितलं, तर बाई त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी करत उतरत्या जिन्यावरून पळाव्या तशा पळाल्या. तारीख बरोबर. घड्याळाचं चित्र बरोबर. चष्मेवालीच्या खांद्यांवरचं ओझं उतरू लागलं. आपणच वेड्या, भित्यापाठी ब्रह्मराक्षस, असं तिला वाटलं.

"आता मघाचे शब्द सांगा."

बाई हसल्या. जराही न अडखळता म्हणाल्या, "दार, मीठ, पत्र, सुई, घोडा."

हे अ प्रतीचे शब्द होते. अडतीस वर्षं बाईंनी हजारो माणसांना सांगितलेले. आजच्या पाचांपैकी एकही नाही.

कागदाच्या वरच्या कोपऱ्यात दोन चौकोन होते, अ आणि ब; कुठली प्रत वापरली तिथे खूण करायची. खूण अजून केलेली नव्हती. अ वर केली, तर पाचापैकी पाच. बाई ठणठणीत, सही पक्की, अठरा तास, परीक्षा, क्रमांक. ब वर केली, तर शून्य. पेन्सिल अ च्या चौकोनात टेकलीसुद्धा, एक ठिपका उमटला.

तेव्हा तिला तो ड्रायव्हर आठवला. दुकानात परवान्याच्या दाखल्यासाठी आला होता. तिने तक्त्यामागचा दिवा लावायच्या आधीच त्याने शेवटची ओळ घडाघडा म्हणून दाखवली होती. तक्ता पाठ केला होता पठ्ठ्याने. घरी तीन पोरं आहेत म्हणाला. तिला दया आली आणि तिने दाखला दिला. पुढे काहीही झालं नाही. पण त्यानंतर कितीतरी वर्षं पेपरात अपघाताची बातमी आली की ती आधी ड्रायव्हरचं नाव बघायची.

तिने ब वर खूण केली. शब्दांच्या रकान्यात शून्य लिहिलं. शून्य तेवढं वाकडं आलं.

"दाखव," बाई म्हणाल्या. त्यांनी कागद घेतला, तांबडी पेन्सिल उचलली आणि एकेक रकाना तपासत शून्यापाशी येऊन थांबल्या. चष्मेवालीला वाटलं, आता या रागावतील. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. बाईंचा चेहरा घाबरलेला होता. त्या चेहऱ्यावर भीती तिने कधी पाहिली नव्हती, आणि जगात आपल्या वरती आता कुणी उरलं नाही असं तिला झालं.

"मी कुठले शब्द सांगितले?"

"अ प्रतीचे."

बाईंनी पर्स उघडली आणि चतकोर कागदाची घडी काढली. त्यांच्याच अक्षरात लिहिलेली चिठ्ठी. ती त्यांनी आधी स्वतः वाचली, मग तिच्यापुढे सरकवली.

'अ प्रत घरी नेली आहे, ती तोंडपाठ आहे म्हणून. शुक्रवारी चष्मेवालीला तपासायला सांगणे. माझी लेक खरं सांगत नाही, वय झालं म्हणते. चष्मेवाली खोटं लिहिणार नाही.'

चष्मेवालीला रडू फुटलं. "बाई, मी लिहिणार होते. तो ठिपका बघा."

"बघितला," बाई म्हणाल्या. "माझ्याही हातून पडला असता."

मग तिने चौदा नंबरचं सगळं सांगून टाकलं. दहा आठवडे का गप्प बसले, तेही सांगितलं. बाई ऐकत होत्या, तशाच, अडतीस वर्षं ऐकत आल्या तशा. शेवटी एवढंच म्हणाल्या, "तो सोमवार कुठल्या तारखेचा? वहीत बघून सांग. मला आठवायचं नाही."

तिने तारीख सांगितली. बाईंनी कोरा कागद ओढला आणि मंडळाला पत्र लिहिलं: त्या तारखेपासून पुढच्या माझ्या सह्या ग्राह्य धरू नयेत, माझी नोंदणी थांबवावी, यात शिकाऊ उमेदवाराचा दोष नाही, तिला दुसरा मार्गदर्शक त्वरित मिळावा. अक्षर ठसठशीत. मग त्यांनी चाचणीचा कागद पुन्हा हातात घेतला. खाली रकाना होता: 'उमेदवाराने चाचणी योग्य प्रकारे घेतली', आणि त्यापुढे सहीची जागा.

"इथे मला सही करता येत नाही आता," त्या म्हणाल्या. "या मार्कांच्या बाईची सही कोण मानणार? पण चाचणी उत्तम घेतलीस."

चष्मेवालीने मनात बेरीज केली. एकशे नव्वद आणि अठरा. दहा आठवडे. आठवड्याला एकवीस तास, तेही आजच दुसरं कुणी मिळालं तर. तिच्या पोटात तोच जुना गोळा आला, नेहमीपेक्षा मोठा. तिने वही बंद केली, बाईंची पर्स उचलून त्यांच्या हातात दिली आणि कपाटाला कुलूप लावलं.

दारात बाई थांबल्या. वळून, रोजच्याच करड्या आवाजात म्हणाल्या, "किती तास राहिले गं?"

"दोनशे आठ, बाई."

"होतील," बाई म्हणाल्या.

जिन्याच्या शेवटच्या पायरीवर त्यांनी पुन्हा विचारलं. चष्मेवालीने त्यांचा हात धरला आणि पहिल्यांदाच सांगावं तसं सांगितलं, "दोनशे आठ."