आपट्याच्या मामाशी झालेला तह

माझ्या लग्नानंतर आपटा गावच्या माझ्या मामाने आमच्या घराशी राजनैतिक संबंध तोडले होते.

कारण गंभीर होतं. मांडवात मामाच्या मानाच्या टोपी-टॉवेलाआधी नगरसेवकाचा सत्कार झाला. (नगरसेवकाला पुढे अजून लग्नं होती. मामाला एकच भाचा होता!)

यंदा माझ्या मुलीच्या, नववीतल्या सईच्या शाळेत इतिहास प्रकल्पांची स्पर्धा लागली. विषय होता सार्वजनिक राजनय. म्हणजे दुसऱ्या देशाच्या राजाशी डोकं लावत न बसता त्याच्या प्रजेलाच आपलंसं करायचं. उदाहरण आपल्या भागातलं हवं होतं. मी किल्ले सुचवले, पोर्तुगीज सुचवले. सईने सरळ आजीला विचारलं. माझी आई म्हणाली, मामाशी तह मी असाच तर केला.

आईने रुसलेल्या भावाला काहीच पाठवलं नव्हतं. त्याच्या आळीत मात्र घरोघरी सुके बोंबील धाडले. हळूहळू अख्खी आळी मामाला बहिणीचे गुण सांगू लागली आणि जनमतापुढे झुकून मामा गणपतीला सुकापूरला आमच्या घरी आला. हे गुपित त्याला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

सईने तक्त्यावर आळीचा नकाशा काढला, बोंबलांचा मार्ग लाल बाणांनी दाखवला. मी इतका हरखलो, की पनवेलच्या शाळेतल्या कार्यक्रमाचं पहिलं आमंत्रण मामाला दिलं. आमच्यात मामाशिवाय कार्य होत नाही, आणि या वेळी मानात चूक नको होती. पहिल्या रांगेतली मधली खुर्चीही धरली. तक्ता उघडला, आईने माझ्याकडे पाहिलं, तेव्हा मला कळलं मी काय करून बसलोय.

मामाला समोर बघून सई थिजली. खरं बोलावं तर मामा पुन्हा रुसून जाणार, गप्प बसावं तर पोरीची सगळी मेहनत वाया. पण ती बोलली, बोंबलांसकट सगळं बोलली. मामा उठून उभा राहिला.

"ताई, ह्ये खरं हाय?"

आईने मान खाली घातली. मामा सईकडे वळला.

"पोरी, तुजा चार्ट चुकलाय. मना पैल्या बोंबलापासून सगलं म्हायती व्हतं. शेजाऱ्याकडं बसून मीच खायचो. लगेच मानलो असतो, तर बोंबील बंद नसते झाले?"

आईने त्याच्या पाठीत धपाटा घातला. परीक्षकबाईंनी हसून हसून चष्मा काढला, आणि ही दुसऱ्या पक्षाची बाजूही प्रकल्पात घाल असं सांगून सईला पहिला नंबर दिला. माझा जीव भांड्यात पडला.

प्रकल्प आता जिल्ह्याच्या फेरीत गेलाय. तारीख आईला माहीत आहे, मामाला माहीत आहे, त्याच्या अख्ख्या आळीला माहीत आहे. मी विचारलं की सई म्हणते, "ठरली की सांगते, बाबा."