गाडीचा खांदा

गाडी बंद पडल्याची गोष्ट तुमच्या बाबांनी तुम्हा दोघांना सांगितली असेलच. पण त्यांनी ती फोनवर ऐकलेली आहे आणि मी स्टिअरिंगवर होते, तेव्हा माझी ऐका.

मी गाडी शिकले ती निवृत्त झाल्यावर. तुमच्या आजोबांना एका डोळ्यानं नीट दिसेनासं झालं, तेव्हा त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली आणि स्वतः शेजारच्या सीटवर बसून मला ब्रेक कधी लावायचा ते सांगू लागले. अजूनही सांगतात. मी आयुष्यभर कॉलेजात इंग्रजी शिकवलं, त्यामुळे गाडीबरोबर आलेलं जाडजूड इंग्रजी पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचणारी या जिल्ह्यात बहुधा मी एकटीच असेन. सर्व्हिसिंग वेळेवर, कंपनीच्याच सर्व्हिस सेंटरमध्ये. टायरमधली हवाही मी पुस्तकात लिहिल्याप्रमाणेच भरून घेते, पंपावरचा माणूस काहीही म्हणो.

दर रविवारी आम्ही दोघं आदिलाबादहून बेल्याला जातो. तिथं आजोबांच्या मोठ्या भावाचं घर आहे. भाऊ आता नाहीत. माझ्या जाऊबाई आहेत, त्यांचा मुलगा शेती करतो, दारात बैलजोडी आहे. जाऊबाई माझ्याहून मोठ्या. मला त्या ‘मास्तरीण’ म्हणतात, आणि आमच्या पांढऱ्या गाडीला ‘गोऱ्हा’, म्हणजे तरणा बैल.

पोळ्याला आम्ही बेल्यालाच असतो. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जिथं जू बसतं, तिथं कोमट तूप आणि हळद पळसाच्या पानानं चोळायची आणि बैलाच्या कानाशी म्हणायचं, “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.” त्या दिवशी बैलांचं झालं तरी जाऊबाईंच्या वाटीत तूप-हळद उरली होती. त्यांनी अंगणात उभ्या असलेल्या गाडीकडे पाहिलं.

“मास्तरीण, हा गोऱ्हा तुमाले दर आठवड्याले इतक्या लांबून ओढून आनते. याचा खांदा कोनी शेकला का आजवर?”

मी हसले. तुमचे आजोबा मात्र गंभीरपणे पुढे झाले. “वहिनी, ओढतं ते इंजिन. म्हणजे खांदा तोच.” आणि त्यांनी बोनेट उघडून दिलं.

जाऊबाईंनी इंजिनाच्या वरच्या काळ्या झाकणावर, तेल भरायच्या टोपणावरून, पळसाचं पान मायेनं फिरवलं आणि पुढच्या दिव्याशी वाकून गाडीलाही आवतन दिलं. दुसऱ्या दिवशी मी फडक्यानं ते सगळं पुसून काढलं. पण हळद ती हळद. झाकणाच्या खाचांमध्ये पिवळेपणा राहिलाच.

पुढच्याच महिन्यात एका रविवारी बेल्याहून परत येताना, जैनथच्या अलीकडे, समोर तेलाचा लाल दिवा लागला. पुस्तकात लिहिलं आहे की हा दिवा लागला की गाडी बाजूला घ्या आणि लगेच इंजिन बंद करा. मी गाडी बाजूला घेतली. तेवढ्यात आतून खलबत्त्यात खडे कुटल्यासारखा आवाज आला, आणि मी बंद करायच्या आत इंजिन स्वतःच बंद झालं.

“ब्रेक लाव,” आजोबा म्हणाले.

“गाडी उभी आहे,” मी म्हणाले.

दोन्ही बाजूंना कपाशी फुलावर होती, आणि आम्ही एका बाभळीखाली कंपनीची ओढून नेणारी गाडी येईपर्यंत जाऊबाईंनी दिलेले धपाटे खाल्ले. तोवर मला काही चिंता नव्हती. वॉरंटी होती ना!

सर्व्हिस सेंटरच्या मॅनेजरनं दुसऱ्या दिवशी आम्हाला बोलावलं. इंजिन जाम झालं आहे, म्हणाला. मग त्यानं तेलाच्या टोपणाभोवती बोट फिरवलं आणि ते पिवळं बोट माझ्यासमोर धरलं.

“ये देखिए मॅडम. इंजिनात बाहेरचं काहीतरी गेलंय. असं असेल तर वॉरंटी लागत नाही.”

“ती हळद आहे,” मी म्हणाले.

“हळद?”

“हळद आणि तूप.”

आजोबांनी मला कोपरानं ढोसलं, पण तोवर सांगून झालं होतं. मॅनेजरनं लगेच कॉम्प्युटरकडे खुर्ची वळवली आणि टाइप करता करता मोठ्यानं वाचूनही दाखवलं: इंजिनात तूप व हळद घातल्याचं ग्राहकानं स्वतः कबूल केलं आहे.

“इंजिनात नाही, इंजिनावर!” मी म्हणाले.

“मॅडम, तूप पातळ असते. वरून आत जाते.”

तूप पातळ असतं हे खरंच होतं.

कंपनीकडे मी दाद मागितली. माझं म्हणणं मी अगदी स्वच्छ इंग्रजीत मांडलं, पण बैलांचा खांदा शेकणं इंग्रजीत सांगितलं की ते आणखीच संशयास्पद वाटतं, हा अनुभव मला तेव्हा आला. शेवटी कंपनीनं कळवलं की हैदराबादहून तपासणी अधिकारी येईल आणि माझ्यासमोर इंजिन उघडेल. कंपनीचा दोष निघाला तर नवीन इंजिन मिळेल. आमचा निघाला तर उघडण्यापासून सगळा खर्च आमचा. कबूल असेल तर सही करा.

त्या संध्याकाळी तुमच्या बाबांचा फोन आला.

“आई, सही करू नकोस. गाडी आहे तशी विकून टाक. तू त्या रस्त्यावर गाडी चालवतेस, कापसाचे ट्रक, समोरून बैलगाड्या, मला इथं बसून धडकी भरते. जिथं जायचंय तिथं ड्रायव्हर बोलाव.”

“ड्रायव्हर त्याला सवड असेल तेव्हा येतो. मला माझ्या सवडीनं जायचं असतं.”

“बरं, मग ठरवू या. इंजिन कंपनीनं दिलं तर तू चालव, मी पुन्हा बोलणार नाही. नाही दिलं तर गाडी विकायची आणि तुझं ड्रायव्हिंग बंद. कबूल?”

मुलांना लहानपणी मीच अशा अटी घालायचे, अभ्यास झाला तर क्रिकेट. त्यामुळे नाही म्हणायला तोंड नव्हतं. “कबूल,” म्हणाले, आणि सकाळी जाऊन सही करून आले.

सही केल्यावर मात्र आजोबांचा धीर सुटला. त्यांनी बेल्याला फोन लावला. “वहिनी, रागावू नका. त्या दिवशी ते टोपण उघडून आत तर नाही ना ओतलं थोडं?”

पलीकडून फोन आदळल्याचा आवाज आला.

तपासणीच्या दिवशी सकाळी पहिल्या बसनं जाऊबाई आमच्या दारात हजर. नऊवारी नेसलेल्या, हातात कापडी पिशवी. आजोबांकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

“चाल व मास्तरीण. कोन म्हनते म्या गोऱ्ह्याले मारलं, त्याचं तोंड पाहू दे मले.”

आम्ही तिघं सर्व्हिस सेंटरला पोचलो. हैदराबादचा अधिकारी शांत माणूस होता, हातमोजे घातलेला. तेलुगू, हिंदी आणि इंग्रजी येत होतं, जाऊबाईंची भाषा येत नव्हती. म्हणून मध्ये दुभाषी मी. काही वाक्यं मी जशीच्या तशी पोचवली, काही नाही. उदाहरणार्थ, “याच्या मायनं याले कधी बैल दाखोला नाई काय?” याचं मी इंग्रजीत केलं, “तुम्ही आमचा बैलांचा सण पाहिला आहे का, असं त्या विचारत आहेत.”

“नाही,” तो म्हणाला. “नेमकं काय केलं ते दाखवाल का?”

जाऊबाई याचीच वाट पाहत होत्या. पिशवीतून वाटी निघाली, पळसाचं पान निघालं. शोरूममध्ये एक नवी कोरी लाल गाडी उभी होती. त्या सरळ तिच्याकडे निघाल्या, तसा मॅनेजर दोन्ही हात पसरून आडवा झाला.

“आजी, ती नाही! ती नाही!”

“काऊन? तिले खांदा नाई?”

शेवटी आमच्याच गाडीचं काढून ठेवलेलं झाकण समोर ठेवलं. जाऊबाईंनी त्यावर पान फिरवलं, वरच्यावर, जसं बैलाला फिरवतात. अधिकारी खाली बसून जुने पिवळे डाग आणि नवे ओघळ शेजारी शेजारी बघत राहिला.

“विचारा त्यांना,” तो मला म्हणाला, “टोपण उघडून आत घातलं होतं का?”

मी विचारलं. जाऊबाईंचा आवाज वर्कशॉपभर गेला. “बैलाच्या पोटात कोनी तूप ओतते काय? आदल्या दिवशी खांदा, अन जेवन दुसऱ्या दिवशी! पोटाले पुरनाची पोळी असते. येवढं तं लेकराले समजते.”

हे मी जसंच्या तसं सांगितलं, आणि तिथंच चुकले. अधिकाऱ्यानं मान वर केली. “म्हणजे दुसऱ्या दिवशी गाडीला काय खायला घातलं?”

मॅनेजर खुर्चीतून उठून जवळ आला.

“पेट्रोल,” मी म्हणाले.

“अन पुरनाची पोळी,” जाऊबाई म्हणाल्या. हिंदीत ‘खाना’ शब्द आला की त्यांना सगळं समजतं. “बोनेटवर ठेवली होती. निवद दावला.”

“मग ती पोळी कुठं गेली?” मॅनेजरनं विचारलं.

जाऊबाईंनी त्या दिवसात पहिल्यांदाच आजोबांकडे पाहिलं. “हे काय, समोर उभे हायेत. यायनंच खाल्ली.”

आजोबांनी छताकडे बघत मान डोलावली. अधिकारी हसला नाही, पण त्याला पाणी पिऊन यावं लागलं.

मग इंजिन उघडलं. गंमत संपली. हातमोज्यांच्या बोटांनी तो एकेक भाग काढून पांढऱ्या कापडावर मांडत होता आणि प्रत्येक भागाबरोबर मला वाटत होतं, आता पिवळं दिसणार, आता दिसणार. टोपणाच्या आतली बाजू काळी. तेल काळं. त्यानं ते बाटलीत घेऊन उजेडात धरलं, बोटावर चोळलं, हुंगलं. जाऊबाईंनीही हुंगलं आणि निर्णय दिला, “तुपाचा वास नाई.”

शेवटी त्यानं इंजिनात तेल खेळवणारा पंप उघडला. आतलं चाक फुटलेलं होतं. एका बाजूनं चीर गेली होती आणि तुकडा निखळून पडला होता. तो ते चाक फिरवून फिरवून बराच वेळ पाहत राहिला. मग मॅनेजरकडे न बघता मला म्हणाला, “अम्मा, तेल वर पोचतच नव्हतं. हा पंपाचा दोष आहे, आणि पंप आमचा आहे. इंजिन आम्ही देऊ.”

मी खाली बसले. खुर्ची नव्हती, एक टायर होता, त्यावर बसले.

मॅनेजरनं चहा मागवला आणि फार गोड बोलू लागला. पण जाऊबाई चहा घेईनात.

“पयले सांग. माह्या हळदीनं झालं का?”

“नाही आजी.”

“मोठ्यानं सांग. भाऊजीले आयकू जाऊ दे.”

“तुमच्या हळदीनं काही झालं नाही आजी!”

आजोबा म्हणाले, “वहिनी, चुकलो.” तेव्हा कुठं त्यांनी कप हातात घेतला, बशीत चहा ओतला आणि मॅनेजरला विचारलं, “मंग ह्या बिचारीले इतके दिवस भेव काऊन घातलं?” त्यानं फक्त बिस्किटांची बशी पुढे केली.

नवीन इंजिन यायला दिवाळी उजाडली. तोवर आम्ही बेल्याला बसनं गेलो. बसमध्येही आजोबा ब्रेक सांगायचे, ड्रायव्हर लांब असल्यामुळे त्याला ऐकू जायचं नाही, एवढंच. गाडी तयार झाल्याचा निरोप आला तेव्हा जाऊबाई दिवाळीसाठी आमच्याकडेच होत्या. त्यांना बेल्याला सोडायचं होतं. मी म्हणाले, चला, मीच सोडते.

आजोबांनी आपण होऊन पुढची सीट वहिनींना दिली आणि मागे फराळाच्या डब्यांशेजारी बसले. कापसाची पहिली वेचणी झाली होती आणि रस्ताभर सरकी काढणाऱ्या जिनिंग मिलकडे निघालेल्या गाड्या होत्या, वरपर्यंत लादलेल्या, मागे पांढरे पुंजके उडवणाऱ्या. नवीन इंजिनाचा आवाज जरा वेगळा होता, मऊ. मी लाल दिव्याकडे इतक्या वेळा पाहत होते की जाऊबाईंनी विचारलं, तिथं काय देव बसोला काय?

जैनथ मागे पडलं आणि माझा फोन वाजला. गाडी चालवताना मी फोन घेत नाही, तुम्हाला माहीत आहे. जाऊबाईंनी घेतला. तुमचे बाबा होते.

“हॅलो. हाव, मीच, तुई मोठी आई. तुई माय गाडी चालवून राह्यली… नाई, आता नाई बोलत येत तिले, समोर कापसाची गाडी हाय… काय म्हन्तं? इचार कर? कायचा इचार? इंजिन देल्लं ना त्यायनं? तुयंच बोलनं होतं ना?… हॅलो? हॅलो? आयकूच नाई येऊन राह्यलं बापा.”

आणि चांगलं स्पष्ट ऐकू येत असलेला फोन बंद करून त्यांनी तो मांडीखाली ठेवला.

“काय म्हणत होता?” मी विचारलं.

“काई नाई. खुशाल हाये. तू रस्ता पाह्य.”

मागून आजोबा म्हणाले, “ब्रेक लाव.”

मी हॉर्न दिला, बाजू मिळाली तशी कापसाच्या गाडीच्या पुढे गेले.