अर्धी बादली

कारागंदाच्या कोळशाच्या खाणीत सेरगाझीला सगळे ‘नाक’ म्हणत, आणि त्याला ते आवडायचं. एकतीस वर्षं त्यानं तिथे कोळशाला हात लावला नाही. त्यानं हवा सांभाळली. बोगद्यात ती कुठून येते, कुठे अडते, तिच्यात ओल किती, हे मोजायचं आणि पाटीवर लिहायचं. हवेच्या वाटेत कुणी फळी जरी टेकवून ठेवली तरी तो त्या टोळीचं काम थांबवायचा. मुकादम कुरकुरायचा, “एवढ्याशा फळीनं काय होतंय रे नाका?” सेरगाझी म्हणायचा, “मला नको विचारू, हवेला विचार.” निवृत्त झाला तेव्हा त्याला एक निळा मखमली अंगरखा आणि त्याचंच जुनं यंत्र भेट मिळालं. यंत्र म्हणजे एका चौकटीत दोन थर्मामीटर, एक कोरडा आणि दुसऱ्याच्या बुडाला ओलं फडकं. दोन्हींच्या आकड्यांतला फरक तक्त्यात पाहिला की हवेतली ओल टक्क्यांत कळते.

तर अशा माणसाच्या स्वतःच्या घरात काय झालं ते सांगतो.

घर पाचमजली इमारतीत चौथ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. मासे पाळणं हा सेरगाझीचा एकच नाद. बायको राउशान होती तोवर दोन टाक्या होत्या आणि दोन्हींवर काचेची झाकणं, कारण राउशान म्हणायची, “तुझे मासे खुशाल राहू देत, पण त्यांचं पाणी माझ्या गाद्यांत नको.” ती गेली आणि मागे राहिलेल्या रिकामपणात टाक्या दोनाच्या सहा झाल्या. झाकणं काढून त्यानं कपाटामागे सारली. उघड्या पाण्यावर दिवा कसा झकास चमकतो. मग ऊन पाण्यात राहणारे डिस्कस मासे आणले, बशीएवढे आणि महानखरेल. त्यांना गार वारा सोसत नाही, म्हणून जुन्या लाकडी खिडक्या काढून प्लास्टिकच्या घट्ट बसवल्या. स्वयंपाकघरात छताजवळ हवा ओढून नेणारी जाळी होती. तिच्यातून थंडी टाकीवर उतरते असं त्याच्या मनानं घेतलं, तेव्हा तिच्यावर प्लायवूड ठोकून वर भिंतीचा कागद चिकटवला. खाणीत दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर यानं त्याला त्याच पावली घरी पाठवलं असतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा असा.

रोज सकाळी सहाही टाक्यांचं पाणी खुणेच्या खाली गेलेलं असे. तो अर्धी बादली पाणी त्यांच्यात वाटून टाकी. हे पाणी जातं कुठे, हा प्रश्न त्याला चार वर्षांत एकदाही पडला नाही.

मुलगा एर्केबुलान पश्चिमेकडे तेलाच्या विहिरींवर कामाला, महिनाभर तिकडे आणि महिनाभर घरी. त्याची बायको तोगझान लग्नाआधी शाळेत विज्ञान शिकवायची. आता तिच्या कडेवर दीड वर्षाची इंझू. तोगझान चांगली सून होती, म्हणजे आमच्याकडे जिला चांगली म्हणतात तशी. सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही, त्याच्याकडे पाठ करून जायचं नाही, आणि तो चुकला तरी त्याला ते सांगायचं नाही. लग्नानंतर आठवड्याभरात तिनं एकदा खिडकी उघडली होती. “सूनबाई, मासे मारायचेत का माझे?” सासरा म्हणाला. हसतहसतच म्हणाला. तिनं खिडकी लावली ती पुन्हा कधी उघडली नाही.

त्या जानेवारीत बाहेर उणे तीस होतं. आत काचांवरून पाणी ओघळायचं आणि खिडकीच्या कडेला गोठायचं. तोगझान रोज चाकूनं तो बर्फ खरवडायची, टॉवेल पिळायची. इंझूला खोकला लागला आणि महिना झाला तरी हटेना. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात ओल आहे का. तोगझान जमिनीकडे बघत राहिली. घरी आल्यावर सेरगाझी म्हणाला, “पोर मुळातच नाजूक आहे,” आणि बादली भरायला गेला.

मग विहीणबाई आल्या. शारबानू जवळच्याच सारान गावात राहायची, बोलायला कमी आणि बघायला तिखट. धाकट्या मुलीच्या लग्नासाठी तिला राउशानच्या भरतकामाची नक्षी उतरवून घ्यायची होती. लाल मखमलीवर मेंढ्याची शिंगं भरलेला तो भलामोठा पडदा राउशाननं दोन हिवाळे बसून केला होता. तो बाहेरच्या बाजूच्या भिंतीवर टांगलेला असे आणि त्याच्याखाली इंझूची खाट. सेरगाझीनं तो स्वतः, मोठ्या दिमाखात, खिळ्यांवरून उतरवला.

मागची बाजू काळी पडली होती. अस्तराचा तुकडा त्याच्या हातात आला. भिंतीवर छतापासून खाटेपर्यंत बुरशीची काळी लव होती.

सुटून आलेलं एक शिंग मुठीत धरून तो उभा राहिला. त्याच्या तोंडातून बाहेर पडला तो मात्र राग. “बघा विहीणबाई, तुमच्या लेकीचे प्रताप. दिवसभर लंगोट उकळायचे, घरातच दोऱ्या बांधून वाळत घालायचे, वर मोमो उकडत बसायचे. घर नाही, न्हाणीघर करून टाकलंय. माझी राउशान होती तोवर ही भिंत खडखडीत कोरडी होती.”

तोगझान तेव्हा चहा ओतत होती. ज्याचा मान राखायचा त्याला आमच्यात प्याला अर्धाच भरून देतात, म्हणजे तो पुन्हा पुढे करतो, बसून राहतो. काठोकाठ भरून दिला तर अर्थ एकच, प्या आणि उठा. तोगझाननं सासऱ्याचा प्याला अर्धा भरला आणि दोन्ही हातांनी त्याच्यापुढे ठेवला. तिचे कान लालबुंद झाले होते.

शारबानूनं लेकीकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, मग एकेक करत सहाही टाक्यांकडे पाहिलं. “तोगझान, छोटीचे कपडे भर,” ती म्हणाली. “दोन आठवडे माझ्याकडे चला. पोरीला हवापालट होईल.”

भांडण झालं नाही. भांडण झालं असतं तर सेरगाझीला निदान आपण बरोबर आहोत असं वाटत राहिलं असतं.

तो एकटा राहिला. धुणं नाही, उकडणं नाही; पाव, घोड्याच्या मांसाच्या चकत्या आणि चहा. “आता बघा घर कसं वाळतं,” तो माशांना म्हणाला. दुसऱ्या दिवशी काचा ओघळतच होत्या. सुनेची ओल अजून भिंतीत मुरलेली असणार, त्यानं मनाची समजूत घातली. चौथ्या दिवशी बर्फ खरवडताना त्याचं बोट कापलं आणि हे काम सून रोज करायची, हे त्याच्या ध्यानात आलं. आठव्या दिवशी निमित्तं संपली. अर्धी बादली घेऊन तो पहिल्या टाकीपाशी उभा राहिला. काचेवरच्या खुणेकडे पाहिलं, मग ओल्या भिंतीकडे पाहिलं, आणि बादली खाली ठेवून तिथेच स्टुलावर बसला. रोज अर्धी बादली, चार वर्षं. एवढं पाणी मासे काही पिऊन टाकत नाहीत.

तरी खात्री करून घ्यावी म्हणून त्यानं कपाट उघडलं आणि जुनं यंत्र काढलं. निवृत्त झाल्यापासून त्याला हात लावला नव्हता. फडकं सुकून पिवळं पडलं असेल, नवं बांधावं लागेल, असं तो धरून चालला होता.

फडकं नवं होतं. पांढऱ्या सुती कापडाची बारीक पट्टी, तिच्यावर निळे ठिपके. इंझूच्या विटलेल्या झबल्याची. दोऱ्यानं नीटनेटकी बांधलेली. आणि तक्त्यावर पेन्सिलीच्या दोन बारीक खुणा, एक चौऱ्याऐंशीवर, दुसरी शहाऐंशीवर. दुसरीच्या शेजारी शाळामास्तरणीच्या स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, ‘खाटेपाशी’.

तिला ठाऊक होतं. तो विहिणीसमोर तोंड सोडत होता तेव्हा हे सगळं तिला ठाऊक होतं, आणि ती त्याचा प्याला अर्धा भरत होती. सेरगाझीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरात पाहायला कुणी नव्हतं, तरी त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

आता लाज वाटली की माणूस लगेच सुधारतो, असं काही नसतं. लाजेला आधी लपायला जागा हवी असते. सेरगाझीनं ठरवलं, गुपचूप सगळं दुरुस्त करून टाकू, म्हणजे बोलायची वेळच येणार नाही. त्यानं प्लायवूड उचकटलं. खाणीत धरायचा तशी कागदाची पट्टी जाळीसमोर धरली. पट्टी चटकन जाऊन जाळीला चिकटली. राउशानची झाकणं पुसून दोन टाक्यांवर ठेवली, उरलेल्या चारांसाठी काच कापून आणली. भिंत खरवडली, औषध लावलं, रंग दिला. रोज सकाळी दहा मिनिटं खिडक्या सताड उघडल्या. एकही मासा मेला नाही. पाच दिवसांत काचा कोरड्या झाल्या, सकाळचं पाणी बादलीवरून तांब्यावर आलं आणि यंत्र पन्नासवर उतरलं.

मग त्यानं सारानला फोन लावला. “विहीणबाई, घर कोरडं झालंय. पोरींना पाठवा आता.”

“कशानं झालं?” शारबानूनं विचारलं.

त्यानं घसा खाकरला. “अं… हवा बदलली जरा.”

“असं होय. म्हणजे बरोबरच आहे. माझी लेक नव्हती ना, म्हणून वाळलं. आता शेजारीपाजारीसुद्धा म्हणतील, सून गेली आणि भिंत सुकली. पाठवते हो. लंगोट अंगावर वाळव, असं सांगूनच पाठवते.”

फोन ठेवून तो नव्यानं रंगवलेल्या भिंतीसमोर जाऊन उभा राहिला. ती कोरडी भिंत आता तोगझानविरुद्ध साक्ष देत होती, आणि ती साक्ष त्यानं स्वतःच्या हातानं उभी केली होती. तो गप्प राहिला तर ती जन्मभर घर नासवणारी सून म्हणून राहणार होती. तोंडानं केलेलं तोंडानंच निस्तरायला हवं होतं.

अपराध झाला तर घोडा आणि अंगरखा द्यायचा ही जुनी रीत. चौथ्या मजल्यावरच्या माणसाकडे घोडा कुठून येणार. अंगरखा होता, तो निवृत्तीचा. दुसऱ्या दिवशी सकाळी तो काखोटीला मारून सेरगाझी बसनं सारानला गेला.

शारबानूनं त्याला आत घेतलं, टेबलाशी बसवलं, आणि चहा स्वतः ओतला. काठोकाठ, बशीत सांडेपर्यंत. सेरगाझीनं प्याल्याकडे पाहिलं आणि त्याला समजायचं ते समजलं. तोगझान दाराशी उभी होती. आतल्या खोलीत इंझू झोपली होती. बराच वेळ झाला तरी आतून खोकल्याचा आवाज आला नव्हता.

“विहीणबाई,” तो हळूच म्हणाला, “सूनबाईंना जरा आत जाऊ द्या. मला तुमच्याशी बोलायचंय.”

“तिला बोललात तेव्हा आत पाठवलं होतं का?”

त्यानं मान हलवली, नाही म्हणून. मग हात टेबलावर ठेवले आणि हातांकडेच बघत बोलला.

“ओल माझी होती. लंगोटांची नव्हती, उकडण्याची नव्हती. सहा टाक्या मी उघड्या टाकल्या. खिडकी मी लावायला सांगितली. जाळी मी बुजवली. खाणीत एका फळीसाठी मी टोळ्याच्या टोळ्या बाहेर काढल्या, आणि माझी नात त्या भिंतीखाली झोपत होती. राउशान होती तेव्हा भिंत कोरडी होती, ते खरं. पण ती होती तेव्हा टाक्यांना झाकणं होती. ती मी काढली. आणि बोंब मारली हिच्या नावानं. चोराच्या उलट्या बोंबा.”

त्यानं अंगरखा शारबानूपुढे सरकवला. तिनं तो बोटानं मागे ढकलला. “मला कशाला? माझं काय भिजलंय?”

सेरगाझी उठला. सासऱ्यानं सुनेच्या खांद्यावर अंगरखा घातलेला त्यानं उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता, त्यामुळे तो कसा घालायचा हेही त्याला नीट उमजेना. एक बाही खाली लोंबत राहिली. तोगझाननं ती सावरली, मान खालीच होती.

“सूनबाई, तू मोजलं होतंस.”

“हो, बाबा.”

“मग सांगितलं का नाहीस?”

शारबानू काहीतरी बोलणार होती, पण तोगझानच आधी बोलली. “तीनदा आले होते सांगायला. तिन्ही वेळा तुम्ही माशांशी बोलत होता. इतक्या मायेनं बोलत होता, की मधे तोंड घालवेना.”

तिच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर सेरगाझीनं खाली मान घालून ऐकून घेतला असता, तेवढी तयारी करूनच तो आला होता.

तोगझाननं टेबलावरचा भरलेला प्याला उचलला, मोरीत ओतला, विसळला आणि पुन्हा चहा ओतला. अर्धा. दोन्ही हातांनी त्याच्यापुढे ठेवला, त्या दिवशी ठेवला होता अगदी तसाच.

सेरगाझीचा हात पुढे होईना. भरलेला प्याला पिऊन उठून जाणं सोपं होतं. हा अर्धा संपला की तो पुन्हा पुढे करावा लागणार होता, आणि तेव्हा तिच्या तोंडाकडे बघावं लागणार होतं.