बिनपट्ट्याची फळी

किनाऱ्यावरच्या शेडमध्ये शिलाई मशीनवर बसून मावशी पतंग शिवायच्या. पोरांचे कागदी पतंग नव्हेत. अख्खी खोली झाकतील असे, माणसाला पाण्यावरून ओढत नेणारे. पतंग वर, माणूस खाली, माणसाच्या पायाखाली फळी. आणि हा खेळ शिकवणाऱ्या इथल्या शाळेतल्या फळ्यांना पाय अडकवायला पट्टेच नसत. पाय नुसते ठेवायचे.

"उडी मारल्यावर फळी पडत नाही?" मावशींनी सुरुवातीलाच सुनेला विचारलं होतं. सून तिथं शिकवायची.

"गुडघे वर घ्यायचे, फळी जराशी वाऱ्याकडे कलती करायची. मग वाराच तिला तळव्यांना चिकटवून ठेवतो, आई."

"म्हणजे वाऱ्याच्या भरवशावर! छान."

आता पन्नाशी उलटलेल्या मावशी त्याच भरवशावर पाण्यात उतरत होत्या. कारण सुनेला बायकांसाठी सकाळचा वर्ग काढायचा होता आणि शाळेच्या मालकानं नाक मुरडलं होतं. "बायका येतील, घाबरतील, जातील. आमच्या मावशींनी रविवारी एक उडी मारून दाखवावी, फळीसकट. मग सकाळची वेळ तुमची!" तो थट्टेनं बोलला. सासू-सुनेनं मनावर घेतलं.

फळीवर उभं राहणं जमलं, वळणं जमलं, चालत्या फळीवर पायांची अदलाबदल करणंही जमलं. उडीपाशी मात्र घोडं पेंड खायचं. मावशी वर, फळी खाली.

"रुसते मेली माझ्यावर."

"रुसेल नाहीतर काय! हवेत गेल्यावरसुद्धा मशीनचं पायडल मारल्यासारखं दाबता तिला. लाथाडलेली फळी थांबेल का?"

शनिवारी मावशींनी उडी मारली आणि फळी पायांना चिकटून राहिली. सून काठावर नाचायलाच लागली. पण उतरताना मावशींचा तोल गेला, त्या आडव्या झाल्या, तरी फळी काही पाय सोडेना. लाटेनं ती उलटवली, तसा पायही पिरगळला. सून धावत पाण्यात शिरली. बघते तर फळीवर दोन अरुंद पट्ट्या! पतंगाचं उरलेलं कापड, आत इलॅस्टिक, रंग फळीशी असा जुळवलेला की पटकन दिसूही नये.

"आई, हे काय?"

"शिवणकाम."

"घोटा मोडला असता!"

"ओरडू नकोस गं. मालक मला हसला तर हसू दे, माझं काय जातंय? पण उद्या फळी पडली तर तुझा वर्ग बुडेल."

सून पट्टीतून त्यांचा पाय सोडवत राहिली. मग म्हणाली, "मला मशीन शिकवताना काय ओरडायचात, आठवतंय?"

"पुष्कळ काही. तू तेव्हा उशीचा अभ्रा शिवलास की पिशवी, ते मला अजून कळलेलं नाही."

"'कापड दाबू नकोस, ओढू नकोस! नुसता हात ठेव, ते आपलं आपण पुढे जातं.' अख्ख्या शेडला ऐकू जायचं."

मावशी ओल्या तळव्यांकडे बघत बसल्या. हात ठेवणं त्यांना कोणी शिकवायला नको होतं. पाय ठेवणं हेही तसलंच काही असेल, हे मात्र डोक्यातच आलं नव्हतं.

"कात्री आण," त्या म्हणाल्या.

रविवारी मालक चहाचा कप घेऊन काठावर उभा राहिला. पहिल्या उडीला फळी पडली. दुसरीलाही. मालक कपात बघून हसला. सुनेनं नखं खायला घेतली.

तिसऱ्या वेळी मावशींनी टाचांनी फळीची कड पाण्यात रोवली, पतंग वर नेला आणि पाणी सुटताच पाय सैल सोडून गुडघे पोटाशी घेतले. फळी तळव्यांखाली थरथरली, कलली आणि राहिली. पुढच्या क्षणी दोघी, मावशी आणि फळी, धप्पकन पाण्यावर उतरल्या आणि तशाच पुढे गेल्या.

"एवढीशीच?" मालक ओरडला. "माझ्या गुडघ्याएवढी!"

"गुडघ्याएवढी तर गुडघ्याएवढी!" मावशी पाण्यातून ओरडल्या. "फळीसकट म्हणाला होतात, उंचीचं कुठं बोलला होतात?"

मालकानं कप सुनेच्या हातात दिला. "सकाळची वेळ घ्या. पण वर्गाला मावशी पाहिजेत."

"आई, येणार ना?" सुनेनं हाक मारली.

मावशी पुन्हा वाऱ्याकडे तोंड करून निघाल्या होत्या.